थोरलं आणि तान्हं: घरातल्या दोघांचं पाहिलेलं लिहा

थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. दोघं एका सतरंजीवर असले की मी शक्यतो मधे पडत नाही, बघत बसते. बाळ पालथं कधी पडलं, बसतं कधी झालं, हे आपण कुठेतरी टिपून ठेवतो. थोरल्याने धाकट्याला काय शिकवलं, धाकट्यामुळे थोरल्यात काय बदललं, हे मात्र कुणी टिपत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत विसरूनही जातं. म्हणून हा धागा. ज्यांच्या घरी बालवाडीतलं एक आणि पाळण्यातलं एक आहे, किंवा होतं, त्यांनी लिहा. सल्लेही चालतील, पण आधी डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

सुरुवात मीच करते. थोरलीचा आवडता खेळ म्हणजे बाळाचा खुळखुळा दुपट्याखाली लपवणं. बाळ पाच महिन्यांचं होतं तेव्हा दुपटं पडलं की त्याच्या लेखी खुळखुळा संपलाच, ते सरळ पंख्याकडे बघायला लागायचं. ही वैतागायची, "आई, याला कळतच नाही गं!" परवा त्याने दुपट्याचं टोक मुठीत पकडलं, ओढलं, आणि खुळखुळा दिसताच दोन्ही हात सतरंजीवर आपटले. डोळ्यांआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, ही समज साधारण या सुमाराला येते, हे मी वाचलं होतं. थोरलीचं म्हणणं, "मी शिकवलं त्याला." इतके महिने चिकाटीने तीच तर खेळत होती, तेव्हा श्रेय तिचंच, असं मी मनापासून मानते. आणि हीच मुलगी लपाछपीत स्वतःचे डोळे झाकून खोलीच्या मधोमध उभी राहते, आपण कुणाला दिसत नाही अशा पूर्ण खात्रीने!

नाशिक, बाबा (मुलगा ४ वर्षं, मुलगी २ वर्षं)

आमच्याकडे भाषेची गंमत चालू आहे. धाकटी सगळं दादाचं ऐकून बोलते, त्यामुळे "मी येतो", "मी खातो", "मी नाही झोपणार, मी खेळतो". तिची आई "मी येते" म्हणतेच की दिवसभर, पण तिचे कान दादाकडे. गेल्या महिन्यात दादाने तिला समोर बसवून सांगितलं, "तू मुलगी आहेस ना, मग येते म्हण." तिने मान डोलावली आणि म्हणाली, "बरं, मी येते म्हणतो."

दादाचं स्वतःचं वेगळंच. दोन वर्षांचा होता तेव्हा "आला", "केलं" अगदी बरोबर म्हणायचा. तिसरं सरता सरता "बाबा येला", "मी करलं" सुरू झालं. आधी मला वाटलं, हा मागे चाललाय. मग लक्षात आलं की बसला, पडला, पळला यावरून त्याने आपला आपण नियम काढलाय आणि तो सगळीकडे लावून बघतोय. आता मी चूक दाखवत नाही. "हो का, तू केलंस?" एवढंच म्हणतो. हळूहळू वळतंय.

वाई, आई (मुलगी ४ वर्षं, मुलगा ५ महिने)

बाळाची अंघोळ माझ्या सासूबाई घालतात, पाटावर पाय लांब करून, त्या पायांवर बाळाला पालथं घेऊन. थोरली रोज दारात उभी. तेल कोमट करण्यापासून टाळू भरण्यापर्यंत सगळं तिला पाठ आहे. पाणी अंगावर पडलं की बाळ श्वास रोखतं, तेव्हा हीदेखील रोखते.

एके दिवशी ती कपडे काढून पुढे आली. "आजी, मला पण पायावर घे." मी नको म्हणणार होते, सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास होतो. त्या म्हणाल्या, "ये बाई." घेतली. हनुवटी त्यांच्या पावलांच्या पुढे गेलेली, इकडे पाय कमरेजवळ मुडपलेले. त्यांनी तान्ह्या बाळासारखं सगळं साग्रसंगीत केलं: पाठ चोळली, हात-पाय विरुद्ध दिशेला ताणले, "मोठी हो, शहाणी हो" म्हणत शेवटचा तांब्या ओतला. पोर एक शब्द बोलली नाही. टॉवेलात गुंडाळून घेतल्यावर मात्र झटकन उतरली आणि म्हणाली, "आता मी मोठी. आता बाळाला पावडर मी लावणार." पुन्हा तिने ते मागितलं नाही. मोठ्या मुलाने बाळपण मागितलं की ते एकदा पोटभर द्यावं, असं माझं मत तेव्हापासून झालंय.

बीड जिल्हा, अंगणवाडी सेविका आणि आई (मुलगी ५ वर्षं, मुलगा ११ महिने)

लेकरांची वजनं करणं हे माझं कामच. माझी लेक माझ्याच अंगणवाडीत येते, त्यामुळे तिचं सगळं लक्ष काट्यावर. जन्माच्या वेळचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट व्हावं, हे मी आयांना सांगते ते ऐकून ऐकून तिला पाठ झालंय. भावाला उचलून ती घरीच सांगते, "तिप्पट झाला."

पण मला लिहायचंय ते दुसरं. बाळाला जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे क्षयाविरुद्धची लस दिली, डाव्या दंडावर. काही आठवड्यांनी तिथे फोड आला, फुटला, खपली धरली. ते तसंच होतं, काही लावायचं नसतं. लेक रोज बघायची आणि फुंकर घालायची. मी तिची बाही वर करून तिच्याच दंडावरचा वण दाखवला. तिने आधी स्वतःच्या वणावर बोट फिरवलं, मग त्याच्या खपलीजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. "मी पण रडले होते?" मी म्हटलं, लई. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या वेळी तिने बाही सावरून स्वतःचा दंड त्याच्यापुढे धरला. तो रडायचा तेवढा रडलाच.

बर्लिन, आई (मुलगी ४ वर्षं, मुलगा १३ महिने)

इथे मूल पाळणाघरात, म्हणजे किटामध्ये, एकदम सोडून येत नाहीत. बर्लिनमध्ये रुजलेल्या पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा खोलीतच बसतात आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात. मूल सावरलं तर वेळ वाढवायची. सध्या धाकट्याचं ते चालू आहे. मुलगी त्याच किटात वरच्या गटात आहे.

मी खोलीबाहेर उभी राहून ऐकत असते. मुलगी त्याला भेटायला येते. तो दुसऱ्याचं खेळणं ओढायला लागला की ती ठणकावून "नाइन!" म्हणते, जर्मनमध्ये "नाही!" तोच रडायला लागला की "उगी, उगी, आई आहे बाहेर." शिस्त जर्मन, समजूत मराठी. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मराठी टिकेल का, या काळजीत मी पुष्कळ रात्री काढल्यात. तिच्या त्या "उगी उगी"ने मला फार बळ दिलं.

पुणे, मुलं आता मोठी, बालमानसशास्त्र शिकवते

बर्लिनच्या ताईंचं वाचून राहवलं नाही. समोर कोण आहे बघून भाषा बदलणं चार वर्षांच्या मुलाला जमतं. मॅरिलिन शॅट्झ आणि रोशेल गेलमन यांनी १९७३ साली हे दाखवलं होतं: चार वर्षांची मुलं दोन वर्षांच्या मुलाला खेळणं समजावताना छोटी, सोपी वाक्यं वापरतात आणि मोठ्या माणसाशी बोलताना लांब. आपल्या घरात कान द्या, "बाळा, हे बघ. हे भू भू." आणि लगेच वळून आपल्याला, "आई, तो कुत्रा कालच्यासारखा परत आलाय जिन्यात."

लालबाग, बाबा

"काल" वरून आठवलं. आमच्या चार वर्षांच्या मुलाचा मागचा सगळा काळ म्हणजे "काल". दिवाळी काल, गणपती काल. बाळाचं झबलं हातात घेऊन म्हणाला, "काल मी एवढा होतो."

सोलापूर, आई (मुलगा ४ वर्षं, मुलगी १० महिने)

जेवण झाल्यावर जमिनीवर सांडलेली शितं. आधी मुलगी पूर्ण पंजा घासून ती गोळा करायची आणि हाताला काहीच लागायचं नाही. आता अंगठा आणि तर्जनी, मधे एकच शीत, डोळ्यांसमोर धरून बघणं, मग तोंडात. एवढं बारीक दिसायला आणि उचलायला लागली म्हणजे आता सगळंच धोक्याचं. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आत देऊ नयेत, घशात अडकतात, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून मुलाचेही बंद, त्याला कूट. चटणीसाठी दाणे भाजले की तो पोटावर झोपून ओट्याखाली बघून येतो आणि मला सांगतो, "नाहीये एकपण."

सांगली, आई (मुलगी ३ वर्षं, मुलगा १ वर्ष)

पहिला शब्द आई की बाबा, यावर आमच्या घरी सगळे टपून होते. पोरगं बोललं "दे". दिवसभर ताईच्या तोंडून तेच ऐकतोय ना! तोही बोलताना तिच्यासारखाच तळहात वर करतो. आता दोघं समोरासमोर बसतात, हात पसरतात आणि "दे", "दे", "दे" सुरू. वस्तू दोघांच्याही हातात नसते.