जबडा दुखतो म्हणून दात तासून घ्यावेत का?

कानशिलापाशी सुरू होऊन गालात उतरणारे दुखणे मी चार वर्षे सोसले. त्या काळात खालच्या दोन दाढांचे रूट कॅनाल झाले, तरी दुखणे जिथल्या तिथेच राहिले. पुढे वरखालचे दात नीट जुळत नाहीत असे निदान होऊन ते तासण्याचा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही, कारण तोवर एका फिजिओथेरपिस्टने गालावरचा चावण्याचा स्नायू दोन बोटांनी दाबला होता आणि तीच ओळखीची कळ दाढेत उमटली होती. डिसेंबर 2023 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी छापल्या. त्यांत वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार), देखरेखीखालचे व्यायाम आणि हाताने सांधा मोकळा करणे यांची ठामपणे शिफारस आहे. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या स्प्लिंटला (दातांवर बसवायच्या साच्याला) आणि सांध्यातली चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला तितकाच ठाम विरोध आहे. तासलेला दात परत येत नाही, म्हणून सुरुवात परतता येईल अशाच उपायांनी व्हावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद 1 (दंतवैद्य)
दात तासण्याला माझाही विरोध आहे. मात्र त्याच शिफारशींत रात्री घालायच्या साध्या, काढता येणाऱ्या स्प्लिंटलाही सशर्त नकार आहे आणि तो मला सरसकट पटत नाही. जो रुग्ण झोपेत दात खातो, त्याच्या दातांची झीज स्प्लिंटने वाचते. सशर्त नकाराचा अर्थ बंदी असा होत नाही; समोरचा रुग्ण पाहून ठरवावे, इतकाच तो असतो.

प्रतिसाद 2
मी रुग्ण आहे आणि ‘वर्तनोपचार’ हा शब्द मला बोचतो. तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो, घास चावताना डोळ्यांत पाणी येते आणि उपाय म्हणून मनाच्या डॉक्टरकडे जायचे? शिवाय आमच्या तालुक्याच्या गावी दंतवैद्य चार आहेत, असा उपचार करणारा मात्र एकही नाही.

प्रतिसाद 3 (मुखशल्यचिकित्सक)
केवळ आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा उपचारांची गरज नसते. मात्र चकती अडकून तोंड एकाएकी उघडेनासे झाले, तर व्यायामांच्या भरवशावर महिनोन्‌महिने घालवू नयेत. शिफारशी तीन महिन्यांहून जुन्या दुखण्याच्या आहेत. नुकताच अडकलेला सांधा ही वेगळी बाब असून त्यात सुईने सांधा धुण्याचा विचार लवकर करावा लागतो.

धागालेखिकेचे उत्तर
अडकलेल्या सांध्याबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. माझे म्हणणे जुनाट दुखण्यापुरतेच होते. प्रतिसाद 2 मधली वेदना मी ओळखते. दुखणे खोटे आहे असे वर्तनोपचार म्हणत नाही. बराच काळ दुखत राहिले की मज्जासंस्थाच हळवी होते आणि दिवसभर नकळत दात आवळण्याची सवय त्यात भर घालते. मला शिकवलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती: ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला टेकलेली. फोनची घंटा वाजली की जबडा तपासायचा. गावात तज्ज्ञ नसला तरी इतके आजपासून करता येते. स्प्लिंटबद्दल मात्र मी अजूनही साशंक आहे, कारण दात वाचणे आणि दुखणे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रुग्णाला स्प्लिंट विकली जाते दुखण्यावरचा उपाय म्हणून.