सर्व्हर सांगलीतच ठेवला तर

परदेशातून भारतीय स्ट्रीमिंग ॲपवरच्या मराठी मालिका कशा बघायच्या, यावर काहीजण सांगतात की व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) घेऊन 'इंडिया' निवडलं की सगळं दिसतं. ते मला अर्धंच पटलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा बऱ्याच मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर बंद केले. त्यांचा 'इंडिया' सर्व्हर आता बहुधा सिंगापूर किंवा युरोपात असतो, फक्त आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक) भारतीय. आणि एकाच पत्त्यावरून शेकडो लोक आले की तो व्हीपीएनचा आहे हे स्ट्रीमिंगवाले लगेच ओळखतात.

आमची ताई जर्मनीत असते. तिच्यासाठी सांगलीत विश्रामबागच्या घरी राउटरला रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) जोडून त्यावर टेलस्केल या खासगी व्हीपीएन ॲपचा एक्झिट नोड चालू केला, म्हणजे तिचं इंटरनेट आमच्या घरातून बाहेर पडतं. आमच्या केबलवाल्याच्या फायबरवर एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला आहे, त्यामुळे साधं वायरगार्ड (स्वतः चालवायचं व्हीपीएन सॉफ्टवेअर) बाहेरून जोडलंच जात नाही. टेलस्केल त्यातूनही वाट काढतं. मात्र बघायचा तो घरचा अपलोड वेग, डाउनलोड नव्हे, कारण तिला दिसणारं सगळं आपल्या घरातून वर चढून जातं. फुल एचडीला सलग ५ एमबीपीएस तरी हवेत. इकडे वीज गेली की तिकडे मालिका थांबते, म्हणून राउटर आणि रास्पबेरी पाय दोन्हींना छोटा यूपीएस लावाच. स्ट्रीमिंग कंपन्यांच्या अटींत हे सहसा बसत नाही, तेही स्पष्ट सांगतो. पण रीतसर पैसे भरणाऱ्या माणसाला केवळ देश बदलला म्हणून मराठी मालिका बंद व्हावी, हे मला मुळीच पटत नाही. लॉगिनचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तेव्हा खातं घरच्या कुणाच्या तरी नंबरावर काढा.