मदत हवी: कोमेजलेल्या फुलांचे फोटो नीट येईनात

सातारी_झणका: देवाची उतरवलेली फुलं टाकवत नाहीत. गुलाबाच्या कडा जांभळ्या-काळ्या पडतात, तेव्हा काय दिसतात! फोटोत मात्र नुसता निर्माल्याचा ढीग. काय करू? लवकर सांगा, कुजायला लागलीत.

कृष्णाकाठ: मोबाइल की कॅमेरा? उजेड कुठला?

सातारी_झणका: मोबाइल. उजेड घरातलाच, ट्यूबलाइट.

सांगलीची_काकू: देठ तिरके कापा, पाण्यात चिमूटभर साखर आणि लिंबू. रोज पाणी बदला. छान टिकतात.

सातारी_झणका: काकू, मला टिकवायचीच नाहीत!

लेन्सवेडा: ग्लिसरीन-पाणी फवारा. थेंब चमकले की फोटो जिवंत. मी सगळ्याच फुलांवर मारतो.

कृष्णाकाठ: सुकलेल्या पाकळीवर दव? आजोबांना मुंडावळ्या बांधल्यासारखं. सुरकुती दाखवायचीय ना, मग झाकता कशाला?
झणका, ट्यूबलाइट बंद, फ्लॅशही बंद. सकाळी खिडकीशी एकच फूल ठेवा, उजेड बाजूने किंवा मागून येऊ दे. पाणी उडून गेलं की पाकळीतला रंग आटून गडद होतो. समोरून उजेड मारला तर सपाट काळा डाग. मागून आला की शिरा उठून दिसतात. पाकळीच्या कडेवर बोट टेकवून फोकस करा, मग उजळपणा खाली ओढा. गडद फूल दिसलं की मोबाइल आपल्या मनाने फोटो उजळतो, तिथेच रंग जातो. फार जवळ गेलात तर फोकस बसत नाही. थोडं मागे सरून झूम करा.

लेन्सवेडा: माझ्या थेंबांना लोक वाहवा करतात. तुमचे फोटो टाका की आधी.

यवतेश्वरचा_वारा: घरात कशाला बसता राव, कासला जा. पश्चिम घाटासोबत २०१२ साली जागतिक वारसा झाल्यापासून सगळी गर्दी सप्टेंबरात. नंतर सोनकी वाळते, गवत पिवळं पडतं, तेव्हा कुणी फिरकत नाही. टोपली कारवी तर ७ वर्षांनी फुलते.

कृष्णाकाठ: ते देवघरातल्या गुलाबाचं विचारतायत हो.

यवतेश्वरचा_वारा: मग काय झालं? फूल ते फूल. फक्त तिथलं तोडू नका.

सातारी_झणका: खिडकीत जमलं, शिरा दिसतायत! जास्वंद संध्याकाळी गुंडाळून जाते, तिचं काय?

कृष्णाकाठ: गुंडाळू द्या. उभी धरा, पीळ बाजूने घ्या.

सांगलीची_काकू: गुलाब बाजारचे असतील तर गुलकंद करू नका हं, फवारणी केलेली असते.