मदत हवी आहे: पेंड वाढवली तरी एसएनएफ ८.२ च्या वर जाईना, दोन गाई उलटतायत, कालवडी खुरटल्या

गोठा_संगमनेर

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात आमचा छोटा गोठा आहे. सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई दुधात आणि दोन कालवडी. गाई सरासरी सोळा लिटरवर आहेत, वजन साधारण साडेचारशे किलो धरा.

दोन महिने झाले, फॅट ३.६ लागते पण एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) ८.२, कधी ८.१. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरलेला असल्यामुळे खाली गेलं की पैसे कापले जातात. पेंडवाल्याने सांगितलं, प्रोटीन कमी पडतंय, सोया पेंड चालू करा. केली. महिना झाला, फरक शून्य, उधारी मात्र वाढली. वर दोन गाई तिसऱ्यांदा उलटल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता परत माजावर आल्या. डॉक्टरांनी हात घालून बघितलं, पिशवी (गर्भाशय) स्वच्छ आहे म्हणाले.

एका गाईला दिवसाचं असं जातं: मुरघास १२ किलो, लसूण घास १५ किलो (घरचा, आरएल-८८ वाणाचा, भरपूर निघतो), कडबा कुट्टी २ किलो, गोळी पेंड ४ किलो, सरकी पेंड २ किलो, सोया पेंड १ किलो. मका भरडा दिवाळीपासून बंद आहे, महागला म्हणून. मिनरल मिक्श्चर रोज.

बायपास प्रोटीनची (पहिल्या पोटात न फुटता थेट आतड्यात पचणाऱ्या प्रोटीनची) गोळी चालू करू का? की अजून अर्धा किलो सोया वाढवू?

चारोळीवाला

दादा, अझोला (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं नेचं) करा. फुकटचं प्रोटीन. आमच्याकडे दोन खड्डे आहेत, गाई आवडीने खातात.

ताईंचा_गोठा

अझोला वाईट नाही, पण त्यात पाणीच नव्वद टक्क्यांच्या वर असतं. दोन किलो ओला अझोला म्हणजे सुका जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम आणि त्यातलं प्रोटीन पंचवीस-तीस ग्रॅम. तेवढं तर दीड मूठ सरकीत येतं. कोंबड्यांना घाला.

धागाकर्ते दादा, शेण कसं पडतंय? आणि सकाळी गोठ्यात शिरताना डोळे चुरचुरतात का? हे आधी सांगा, मग पेंडीचं बघू.

गोठा_संगमनेर

ताई, शेण पातळ आहे, पो बसत नाही, पसरतं. लसूण घास जास्त होतो म्हणून असेल असं समजत होतो. आणि हो, पहाटे धार काढायला गेलो की नाकात झोंबतं. मुताचाच वास आहे असं धरून चाललो होतो.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त

कागद-पेन घेऊन बसा. अंदाजे आकडे आहेत, पण कामाला पुरतील.

मुरघासातून सुमारे २९० ग्रॅम प्रोटीन, लसूण घासातून ६००, कडब्यातून ७०. गोळी पेंड २० टक्क्यांची धरली तर ८००. सरकी २२ टक्क्यांनी ४४०, सोया ४५ टक्क्यांनी ४५०. बेरीज २ किलो ६५० ग्रॅम.

आता गरज बघा. साडेचारशे किलोच्या गाईला नुसतं जगायला साडेतीनशे-चारशे ग्रॅम, आणि एचएफच्या लिटरभर दुधाला ८५ च्या आसपास. सोळा लिटरचे १,३६०. म्हणजे पावणेदोन किलो. तुम्ही रोज प्रत्येक गाईला जवळजवळ ९०० ग्रॅम प्रोटीन जास्त घालताय, विकत आणून. एकूण कोरड्या खाद्यात १८ टक्के पडतंय, या दुधाला १४ पुष्कळ झालं.

जास्तीचं जातं कुठे? कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, प्रोटीन फुटून अमोनिया होतो. तिथले जीवाणू त्यातून स्वतःचं अंग वाढवतात, आणि पुढे आतड्यात पचणारे हे जीवाणूच गाईचं खरं प्रोटीन. पण त्यांना हे काम करायला पिष्ट लागतं, म्हणजे मका. तुम्ही पेंड वाढवली आणि भरडा बंद केला, भट्टी पेटवून भाकरीचं पीठच काढून घेतलं. मग अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, आणि त्यात गाईची ऊर्जा आणखी खर्च होते. युरिया मुतात उतरतो, दुधात उतरतो, गर्भाशयातही पोचतो. तिथलं वातावरण बिघडलं की फळलेलं बीज टिकत नाही. उलटण्याला कारणं दहा असतात, पण पिशवी स्वच्छ आणि गोठ्यात झोंबणारा वास हे एकत्र आलं की मी आधी गव्हाणीकडे बघतो. जमलं तर दुधातला युरिया नायट्रोजन (एमयूएन) तपासून घ्या. १० ते १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान बरा, वीसच्या पुढे गेला तर गाभण राहण्याला बाधतो.

एसएनएफ कमी असण्यामागे बहुतेक वेळा ऊर्जा कमी पडणं असतं. दुसरा संशय सुप्त दगडीचा (बाहेरून न दिसणाऱ्या कासदाहाचा), तो सीएमटी (दुधाची कासदाह चाचणी) करून काढून टाका. बायपास प्रोटीन वाईट नाही, पण ते वीस-पंचवीस लिटरच्या पुढच्या, ताज्या व्यालेल्या गाईचं खाद्य. तुमच्याकडे जे आधीच सांडतंय त्यात ते कशाला ओतायचं?

करायचं एवढंच: सोया पेंड बंद. सरकी दोनाची एक किलो. मका भरडा दीड किलो, तोही एकदम नाही, आठ-दहा दिवसांत पावशेर-पावशेर वाढवत आणि दोन वेळात वाटून. लसूण घास पंधराचा दहा किलो, त्याजागी मुरघास पाच किलो वाढवा. प्रोटीन दोन किलोच्या आसपास येतं. मक्याचा भाव बघून घाबरू नका, सोया पेंडीचे पैसे वाचतायत.

कालवडींचं तुम्ही नाव घेतलंत आणि पुढे काहीच लिहिलं नाहीत. त्या काय खातात?

गोठा_संगमनेर

डॉक्टरसाहेब, आकडे बघून आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, मी सांगत होते शेणाला वास येतो.

कालवडींचं खरं सांगायचं तर लाज वाटते. उसाचे वाढे १२ किलो, कडबा २ किलो, आणि गाईंच्या गव्हाणीतलं उरलंसुरलं. पेंड नाही. आईचं म्हणणं, दूध देत नाही तिला पेंड कशाला. मोठी चौदा महिन्यांची आहे, पोट सुटलंय, पाठ बारीक, केस राठ. अजून माजाचं नाव नाही.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त

छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. वजन किलोत येतं. माप सांगा.

गोठा_संगमनेर

मोठीचा घेर ५४, लांबी ४६. म्हणजे २०३ किलो.

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त

भरवायला (रेतन करायला) अडीचशे-पावणेतीनशे किलो हवी. माज वयावर येत नाही, वजनावर येतो.

तिच्या खाण्यात प्रोटीन पाच टक्केच आहे. सात-आठच्या खाली गेलं की कोटीपोटातले जीवाणूच उपाशी राहतात, मग चारा पचत नाही, नुसता साचून राहतो. ते पोट सुटलेलं नाही, चाऱ्याने तुंबलंय. जंतही असतील, शेण तपासून औषध द्या. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे वाढत्या हाडांना वाढे एकटे कधीच घालू नयेत.

गाईंचा सहा गुणिले पाच, असा तीस किलो लसूण घास सुटला ना? त्यातला आठ-आठ किलो या दोघींना. गोळी पेंड दीड किलो. वाढे निम्मे, कडबा एक किलो. साडेतेरा टक्के पडतात. मिनरल मिक्श्चर त्यांनाही. घास उपाशीपोटी आणि ओला दवाचा घालू नका, पोट फुगेल. आधी कडबा, मग घास.

चारोळीवाला

कडब्याला युरिया लावला तर स्वस्तात काम नाही का होणार?

ताईंचा_गोठा

रीतसर ४ टक्के युरियाचं पाणी शिंपडून, दाबून, एकवीस दिवस झाकून ठेवलेली कुट्टी चालते. पण ज्या गोठ्यात आधीच अमोनिया नाकात जातोय तिथे ही चर्चा नको. वासरांना तर अजिबात नाही. आणि गोणीवर प्रोटीन २० टक्के छापलंय म्हणून हुरळू नका, तो आकडा नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणून येतो. त्यात कोणी युरिया कालवला तरी प्रोटीनच दिसतं. गोळी पाण्यात भिजवून वास घेऊन बघा.

गोठा_संगमनेर (पाच आठवड्यांनी)

मंडळी, हिशोब देतो. सीएमटीत एका गाईचा एक सड निघाला, उपचार झाले. बाकी सगळं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसंच केलं. दूध पहिल्या आठवड्यात अर्धा लिटर उतरलं, घाबरलो होतो, पण परत आलं. एसएनएफ ८.४ लागतंय, दोनदा ८.५ लागलं. शेणाचा पो बसतो. पहाटे नाकात झोंबत नाही, हे मात्र आठ दिवसांतच कळलं. उलटणाऱ्या दोघींपैकी एक भरवून वीस दिवस झालेत, दुसरी अजून माजावर यायची आहे, त्यामुळे त्यावर आत्ता काही बोलत नाही.

मोठी कालवड घेर ५६, लांबी साडेशेचाळीस. २२१ किलो. केस चकाकायला लागलेत.

आता अडचण वेगळीच आहे. आईला कालवडीचा इतका पुळका आलाय की मापाने न घालता सुपाने पेंड टाकते. दीडचे अडीच किलो होतायत. चालेल का?

गुरांचा_डॉक्टर_निवृत्त

अडीच नको. पोट भरून उरलेलं कासेत चरबी होऊन बसतं, तिथे पुढे दूध बनवणारी पेशी वाढत नाही. दर पंधरा दिवसांनी शेपटीच्या बुडाशी बोटं दाबून बघा, हाड लागायला हवं. आणि सुपाऐवजी आईंना दीड किलोचं डबडं कापून द्या.