अनुभव धागा : तुमची सगळ्यात सावकाश गाडी आणि सगळ्यात रंगलेली शर्यत

गेल्या रविवारी आमच्या गुऱ्हाळघरापुढच्या पटांगणात दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. हंगाम संपलाय, चिपाडं उचललीत, जागा मोकळी आहे. एक गाडी थोरल्या चुलत्यांची डिझेल बुलेट : ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर, जीव खाऊन पळाली तरी काटा ६५ च्या पुढं जात नाही. दुसरी आमच्या दूधवाल्या मामांची एम-८०, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन. अंतर शंभर पावलं. आजोबांनी खांद्यावरचा टॉवेल वर धरला आणि खाली टाकला.

पहिली दहा पावलं कोण पुढं आहे हेच कळेना. बुलेट धगधग करत जड अंगानं उठली, एम-८० चे कॅन खडखडायला लागले. मामांनी डाव्या मुठीतला गिअर एकवरून दोनवर टाकला, तेवढ्यात बुलेटनं अर्धं चाक काढलं. दोनवरून तीनवर टाकल्यावर मामांनी ते परत घेतलं. शेवटी कॅनच्या कडीएवढ्या फरकानं मामा जिंकले. सगळी शर्यत आम्ही शेजारनं पळत बघितली. गिअर टाकणारी मूठ दिसत होती, चुलत्यांचे आवळलेले ओठ दिसत होते.

पोटभर बघायला मिळालेली ही माझी पहिलीच शर्यत. वेगाच्या गाड्या डोळ्यांसमोरून निघून जातात. सावकाश गाडीत माणूस दिसतो.

तर कोल्हापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा. लुना, छोटा हत्ती, ट्रॅक्टर, हातगाडी, काहीही चालेल. एकच अट आहे, शर्यत बंद जागेतली हवी. रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि २०१९ पासून पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे. दंडाचं सोडा, रस्त्यावर शाळेची पोरं असतात.

उद्यमनगरचा टर्नर

माझी गाडी बेरिंगची. इंजिन नाही, ब्रेक नाही, मागं दोन बेरिंग, पुढं एक, वर फळकूट. उद्यमनगरात वाढलेल्या पोराला बेरिंग विकत घ्यावं लागत नसे. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानामागं घासलेली बेरिंग पडलेली असायची, मिस्त्रीकाकांना विचारलं की मिळायची.

सगळ्यांकडं ६२०३ नंबरचं बेरिंग असायचं, म्हणजे बाहेरून ४० मिलिमीटर. मला एकदा ६२०४ ची जोडी गावली, ती ४७ ची. सात मिलिमीटरचा फरक हातात घेतला तर जाणवत नाही, पण डांबरातल्या खडीवर कळतो. लहान बेरिंग प्रत्येक खड्यापाशी अडखळतं, मोठं त्याच्यावरनं चढून जातं.

दुसरी गोष्ट ग्रीसची. आम्ही सगळे आधी बेरिंगात बोटानं ग्रीस कोंबायचो. ते चुकीचं. घट्ट ग्रीस गोळ्यांना धरून ठेवतं. माझ्या वडिलांनी एका संध्याकाळी लेथ बंद झाल्यावर बेरिंग रॉकेलात बुडवून, जुन्या दात घासायच्या ब्रशनं धुऊन काढलं, वाळवलं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. बोटावर ठेवून टिचकी मारली तर फिरतच राहिलं. त्यांनी ते माझ्या कानाजवळ धरलं. "ऐक. आवाज येतोय का? न्हाई ना? मग जा आता."

टेंबलाईच्या टेकडीकडं एका आवारातला उतार होता, फाटक लावलं की गाड्या बंद. तिथं पाच-पाच जण ओळीनं बसायचो. धक्का मारायचा नाही, फक्त पाय उचलायचे. पहिल्या चार फुटांत काहीच होत नाही, मुंगीसारखी गाडी हलते. तिथंच धीर सुटतो, पोरं अंग पुढं फेकतात आणि गाडी वाकडी होते. मी मागं रेलून गप बसायचो. उताराच्या मध्यावर बाकीच्यांचा खर्रर्र आवाज मागं पडत जायचा. माझ्या बेरिंगचा आवाज बारीक होता, शिट्टीसारखा.

आज मी स्वतः लेथवर आहे. बेरिंग बसवताना अजून कानाजवळ धरतो.

राजारामपुरी_स्लो

मी उलटी शर्यत लिहू का? शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद.

शाळेत स्लो सायकलमध्ये तिन्ही वर्षं पहिली होते. लग्नानंतर आमच्या मंडळानं महिलांसाठी स्लो स्कूटर ठेवली. गिअर नसलेली गाडी सावकाश चालवणं सायकलपेक्षा अवघड जातं, कारण अॅक्सिलेटर सोडला की क्लच सुटतो आणि गाडी एकदम मेल्यासारखी होते. युक्ती अशी की अॅक्सिलेटर किंचित पिळून तसाच धरायचा आणि वेग मागच्या ब्रेकनं आवरायचा. पुढच्या ब्रेकला हात लावला की हँडल दुमडतं. नजर चाकाकडं नको, समोरच्या पताकेवर हवी.

माझ्या शेजारी आमच्या सासूबाई होत्या, वय ६१. त्या जिंकल्या. साडी खोचून, पताकेकडं बघत, एकदाही पापणी न हलवता.

करवीरचा ट्रॅक्टरवाला

आमच्याकडं ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात ट्रॅक्टर लावतात. ट्रॉली सोडायची, अवजार सोडायचं, नुसतं मुंडकं. दोनशे फूट. ट्रॅक्टर मुळात पळायला केलेला न्हाई, वढायला केलाय, म्हणून यात मजा हाय.

मोटारसायकलवाल्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. जुन्या ट्रॅक्टरचा गिअर चालत्यात बदलता येत न्हाई, करकर करतो. म्हणजे टॉवेल पडायच्या आधीच ठरवायचं, कुठल्या गिअरवर सुटायचं ते. एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. खालचा गिअर धरला तर दणक्यात सुटतो, पण अर्ध्यात दम संपतो, इंजिन नुसतं ओरडतंय आणि चाक तेवढंच. वरचा धरला तर सुटताना मान खाली घालतो, काळा धूर सोडतो, बंद पडतोय की काय असं वाटतं. तेवढ्यात क्लच एक बोटभर दाबून परत सोडला की उचलतो. आणि एकदा उचलला की मग थांबत न्हाई.

दोन वर्षांमागं माझ्या शेजारी एक तरणा पोरगा होता, नवा पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. माझा वडलांच्या वेळचा, पस्तीसचा. मी रानात उतरून टाचंनं माती दाबून बघितली. वर वाळलेली, खाली ओल. आमची काळी माती अशी फसवते. पोरगा खालच्या गिअरवर सुटला, पहिल्या झटक्यात चाकं जागेवर फिरली, वरचा पापुद्रा फाटला आणि चाक ओलीत गेलं. मी वरच्यावर सुटलेलो. माझा हळूच निघाला, म्हणून त्यानं माती फाडली न्हाई. पन्नास फुटांवर मी त्याच्या बरोबरीला आलो. शंभर फुटांवर मला त्याचं पुढचं चाक दिसायचं बंद झालं.

पोरगा नंतर येऊन म्हणाला, "काका, टाचंनं काय बघितलं ते शिकवा." त्याला रानात नेऊन शिकवलं. औंदा तो मला हरवणार, दिसतंयच.

एक सांगतो, पुढची चाकं उचलायचा शौक करू नका. ट्रॅक्टर मागं उलटला तर खालचा माणूस वाचत न्हाई. ज्यानं पुढं वजन लावलेलं नसंल त्याला आमच्यात रेषेवर घेत न्हाईत.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट२

सगळ्यांच्या शर्यतींत एक अडचण आहे, गाड्या सारख्या नसतात. अमेरिकेत ड्रॅग रेसवाल्यांनी, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्या पळवणाऱ्यांनी, यावर फार सुंदर तोडगा काढलाय, त्याला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. तिकडं मूळ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संस्था काढली, पोरांना रस्त्यावरनं उचलून पट्टीवर आणायला. सुटायची इशारत देणारा दिव्यांचा खांब १९६३ पासून आहे.

ब्रॅकेटमध्ये प्रत्येकानं आधी सांगायचं, माझी गाडी इतक्या सेकंदात पोचेल. जेवढा फरक, तेवढी सावकाश गाडी आधी सुटते. मग कुणी खोटं, जास्तीचं सांगेल की! म्हणून पुढचा नियम : सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद.

आम्ही कंपनीतल्या आठ जणांनी एका मित्राच्या गोदामाच्या आवारात शंभर मीटरवर हे केलं. मारुती ८०० नं नऊ सेकंद सांगितले, लुनानं चौदा. लुना पाच सेकंद आधी. ते पाच सेकंद ८०० मध्ये बसून बघा एकदा! लुना निघालीय, चाललीय, लांब गेलीय आणि तुम्ही क्लचवर पाय थरथरत बसलाय. माझा मित्र थांबू शकला नाही, झेंडा पडायच्या आधी सुटला. दुसऱ्या फेरीत नीट सुटला आणि घाईत ८.७ मध्ये पोचला, म्हणजे पुन्हा बाद. लुनावरचे आमचे स्टोअरकीपर दोन्ही वेळा चौदाच्या वर दशांशात आले. रोज त्याच गाडीवर, त्याच वेगानं, बावीस वर्षं कामाला येतात. त्यांना ती गाडी पाठ आहे.

गवळी गल्लीतून

आमच्या शर्यतीत गाडी म्हशीपुढं पळते, म्हणून इथं चालेल का बघा.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या म्हशी बाहेर काढायच्या. आठ दिवस आधीपासून काम चालतं. अंगावरचे केस भादरायचे, शिंगं घासून रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपिसं. मग सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं आणि म्हैस मागं. दावं नाही, काठी नाही. ती आवाजाच्या मागं येते.

लोकांना वाटतं, कुठल्याही आवाजामागं येईल. नाही येत. माझा भाऊ वर्षभर त्याच गाडीवरनं वैरण आणतो. गल्लीच्या तोंडाला गाडी वळली की गोठ्यात आमची म्हैस उठून उभी राहते, बाकीच्या बसलेल्याच. पाडव्याला शेजारच्यांची गाडी तिच्याजवळनं फाडफाड करत गेली तरी तिनं मान वळवली नाही. भावानं किक मारली, एकदाच रेस दिली आणि ती निघाली.

कसब गाडी हळू चालवण्यात आहे. जास्त पुढं गेलात तर ती थांबते, मागं राहिलात तर मागच्या चाकावर येते. दोन हातांचं अंतर ठेवून, मान अर्धी मागं वळवून, तिच्या पायाच्या तालावर मूठ पिळायची. पाचशे किलोचं जनावर तुमच्या पाठीशी श्वास टाकत पळत असतं, त्याची ऊब पाठीला लागते. माझ्या भावानं मला यंदा पहिल्यांदा मागं बसवलं. मी हात मागं केला तर तिचं ओलं नाक हाताला लागलं.

छकडावाला

बैलगाडी इथं कुणी घातली नाही ते बरं केलं. बैल सावकाश नाहीत! बैलगाडी शर्यतीवर ७ मे २०१४ ला बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतीला मुभा देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या साडेसात वर्षांत आमच्या यात्रेत धावपट्टी रिकामी पडायची. तेव्हा ट्रॉली रिव्हर्स सुरू झालं, ते अजून चालू आहे.

ट्रॉली मागं ढकलत न्यायची, दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रॉली उजवीकडं जाते. ती जायला लागलेली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून जायच्या आधी आवरायची. आमच्या गावात यात पहिला येतो तो कारखान्याला ऊस घालणारा ड्रायव्हर. बैल पळवणाऱ्याला जेवढा मान, तेवढाच गाव त्याला देतं. द्यायलाच पाहिजे.

शिवाजी पेठ, लुना

वर लुनाचं नाव आलं म्हणून लिहिते. लुना १९७२ ची, बाबांची त्यानंतरची, पण पायडलची. २०२४ मध्ये विजेवरची लुना आली, ती माझ्या भाच्यानं घेतली. मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या बंद बोळात दोघं उभे राहिले. बाबा ७४, भाचा २२.

भाच्याच्या गाडीला आवाजच नाही. बाबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, मग खाली वाकून स्वतःचा प्लग काढला, पॉलिश पेपरनं घासला, फुंकर मारली, परत बसवला. पेट्रोलचा कॉक उघडला. "थांब रे, घाई नको," असं गाडीला म्हणाले, की भाच्याला, कळलं नाही.

सुटताना विजेची गाडी लगेच ओढते. जुन्या लुनाचा क्लच इंजिनानं जरा वेग घेतल्यावरच धरतो, तोपर्यंत ती नुसती गुरगुरते. त्या मधल्या क्षणासाठी बाबांनी पायडल मारली. तीन पायडल. चप्पल निसटली, तरी मारली. क्लच धरला तेव्हा ते भाच्याच्या मागच्या चाकाशी होते आणि तिथून शेवटपर्यंत तिथंच राहिले, ना पुढं ना मागं.

भाचा जिंकला आणि गाडी वळवून पहिल्यांदा बाबांची चप्पल आणायला गेला. आई गॅलरीतनं ओरडत होती, "अहो, या वयात काय हे," आणि टाळ्याही वाजवत होती.

धागाकर्ता

ताई, बाबांना आमच्या गुऱ्हाळावर घेऊन या. पटांगण सपाट आहे, ऊन उतरल्यावर लावू. डिझेल बुलेट त्यांच्या शेजारी उभी करतो, शिरगावकरांच्या पद्धतीनं आधी वेळ सांगून.

ट्रॅक्टरवाले काका, एक विचारायचं राहिलं. रात्री वळीव पडून गेला आणि सकाळी ऊन लागलं, तर कुठला गिअर?

करवीरचा ट्रॅक्टरवाला

त्या दिवशी लावायचाच न्हाई. दोन दिस थांबा.