पोकर : लिमिट, पॉट-लिमिट आणि नो-लिमिट यांत नेमका फरक काय?

प्रश्न

टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकायला लागून मला काही महिने झाले. कोणता हात (पत्त्यांचा संच) कोणत्या हातापेक्षा वरचढ, हे पाठ आहे. अडते ते पैजेच्या नियमांपाशी. परवा सरावाच्या पॉट-लिमिट डावात मधे, म्हणजे पॉटमध्ये, १०० चिप्स (पैजेच्या चकत्या) होत्या आणि समोरच्या भिडूने ५० लावल्या. मी 'पॉट' (चालेल तेवढी कमाल पैज) असे म्हणून १५० चिप्स पुढे सरकवल्या, तर पत्ते वाटणाऱ्याने आणखी १०० ठेवायला सांगितल्या. हा हिशोब कसा होतो?

दुसरी अडचण नो-लिमिटमधली आहे. बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीची मोठी सक्तीची पैज) १० असताना मी ४० केले, त्यानंतर एका भिडूने उरलेल्या सर्व ६० चिप्स लावल्या आणि बाकीच्यांनी पत्ते टाकले. मला पुन्हा रेझ करायचे होते, म्हणजे पैज वाढवायची होती, पण तशी मुभा मिळाली नाही. 'नो-लिमिट' म्हणजे हवी तेवढी पैज लावता येते, असे मी समजत होतो. शिवाय पत्ते तेच असताना इतके वेगवेगळे प्रकार कशासाठी, हेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

उत्तर १

पॉट-लिमिटमध्ये आधी कॉल (समोरच्या पैजेएवढी रक्कम) भरला असे धरायचे आणि मग मधे जेवढे जमले असेल तेवढेच वाढवायचे. आपल्या डावात १०० अधिक ५० म्हणजे १५० चिप्स मधे होत्या. आपण कॉलचे ५० भरले की त्या २०० होतात, म्हणून रेझ जास्तीत जास्त २०० चा. कॉल आणि रेझ मिळून आपल्याला २५० ठेवायला हवे होते. तोंडी हिशोबासाठी समोरच्या पैजेची तिप्पट करून त्यात त्या पैजेआधीचा पॉट मिळवावा : १५० अधिक १००. आपण तोंडाने 'पॉट' म्हटले होते, आणि पाळी असताना केलेला उच्चार बंधनकारक मानला जातो, म्हणून आपल्या १५० चिप्स अपुऱ्या ठरल्या.

उत्तर २

इतके प्रकार कशासाठी, हाच मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण पैजेची मर्यादा बदलली की त्याच पत्त्यांची किंमत बदलते.

एक उदाहरण घेऊ. हातात दोन इस्पीक आहेत, टर्नपर्यंत, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या पत्त्यापर्यंत, आणखी दोन इस्पीक उघडली आहेत आणि फ्लशसाठी (एकाच प्रकारच्या पाच पत्त्यांसाठी) एक पत्ता कमी आहे. न दिसलेल्या ४६ पत्त्यांपैकी ९ उपयोगाचे आणि ३७ निरुपयोगी, म्हणजे प्रमाण साधारण ४.१ ला १. मधे ४८ चिप्स आहेत. ४-८ च्या फिक्स्ड लिमिट (म्हणजेच लिमिट, ठरलेल्या रकमेच्या पैजेच्या) टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत पैज आणि प्रत्येक रेझ ४ चा, तर टर्न आणि रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) ८ चा असतो. त्यामुळे समोरचा फक्त ८ लावू शकतो. ५६ जिंकण्यासाठी ८ भरायचे, म्हणजे ७ ला १. इथे कॉल करणे हिशोबाने योग्यच आहे. पॉट-लिमिटमध्ये तोच भिडू ४८ लावेल, तेव्हा ९६ साठी ४८ भरावे लागतील, म्हणजे अवघे २ ला १. फ्लश लागल्यावर रिव्हरवर त्याच्याकडून सरासरी आणखी १०१ चिप्स तरी मिळतील, असे वाटत नसेल तर पत्ते टाकावेत. नो-लिमिटमध्ये तो २०० सुद्धा लावू शकतो, आणि मग किंमत याहूनही वाईट होते.

म्हणूनच लिमिटमध्ये अपुऱ्या हाताला हुसकावून लावणे कठीण जाते आणि तिथे लहान लहान योग्य निर्णय साचत जाऊन खेळ घडतो, तर नो-लिमिटमध्ये एकाच चुकीने आपल्यासमोरची सगळी चिप्सची रास जाऊ शकते. नवख्याने आधी फिक्स्ड लिमिट खेळावे, असे माझे मत आहे. किमतीचा हिशोब तिथे स्वच्छ दिसतो.

उत्तर ३

ऑल-इनबद्दल, म्हणजे उरलेल्या सर्व चिप्स लावण्याबद्दल, लिहितो. नो-लिमिटमध्ये वरची मर्यादा आपल्यासमोरच्या चिप्सची, पण खालची मर्यादा असतेच : नवा रेझ निदान आधीच्या रेझएवढा हवा. आपण १० चे ४० केले, म्हणजे रेझ ३० चा झाला. पूर्ण रेझसाठी त्या भिडूने ७० करायला हवे होते. त्याच्याकडे ६० च असल्याने तो वैध ऑल-इन ठरला, पण पूर्ण रेझ ठरला नाही. अपुऱ्या ऑल-इनमुळे आधी पाळी घेतलेल्या भिडूला पुन्हा वाढवण्याचा हक्क मिळत नाही, म्हणून आपल्यापुढे २० भरणे किंवा पत्ते टाकणे एवढेच उरले.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. पॉट-लिमिटचा हिशोब नीट कळला का, हे ताडून पाहतो. ब्लाइंड १ (स्मॉल) आणि २ (बिग) असतील आणि पहिली पाळी माझी असेल, तर २ ची तिप्पट ६ आणि स्मॉल ब्लाइंडचा १ मिळून मी ७ पर्यंत जाऊ शकतो. बरोबर?

उत्तर १

अगदी बरोबर. मात्र सर्वांनी पत्ते टाकून पाळी स्मॉल ब्लाइंडवर आपल्याकडे आली, तर तो १ आपलाच असल्याने वेगळा मिळवू नये. १ भरून कॉल केला की मधे ४ होतात, रेझ ४ चा, आणि आपली एकूण पैज ६ वर थांबते.