घरपट्टी भरली का? (अनुभव धागा)

कपाटवाली: काल आईचं लोखंडी कपाट आवरताना बाबांची 1983ची घरपट्टीची पावती सापडली. मागे त्यांच्या अक्षरात लिहिलंय, "भरली. नळाचं विचारणे." म्हणजे तेव्हाही नळाची बोंबच होती! यंदाचं बिल तिच्या शेजारी ठेवलं आणि नुसती बघत बसले. आमच्या गल्लीतले चांगले पेव्हर ब्लॉक तिसऱ्यांदा उखडलेत, ते वेगळंच. तुमचंही लिहा.

पेठकर: पुण्यात राहत्या घराला 1970 पासून 40 टक्के सवलत होती. सरकारने ती काढली, 2023 मध्ये परत दिली. मधल्या काळात फरकाचा मेसेज आला तेव्हा आमच्या वडिलांनी बीपीची गोळी दोनदा घेतली. सवलत परत आली ती पीटी-3 अर्जासकट, घरात तुम्हीच राहता याचा पुरावा द्या. अहो, पन्नास वर्षं इथेच आहोत, जाणार कुठे होतो?

नवीन भाडेकरू: पीटी-3 ला सोसायटीचं पत्र चालतं का?

पेठकर: चालतं, पण तुम्ही भाडेकरू ना? मग मालकालाच सवलत नाही.

नवीन भाडेकरू: मालकानेच विचारायला सांगितलंय 😐

चहाबाज: 😂😂

506 वाला: मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंत मालमत्ता कर माफ, 2022 पासून. आमचं घर 506. त्या सहा फुटांत तुळशीची कुंडी आणि चपला आहेत. बायको म्हणते कुंडी गावी पाठवू.

हद्दीतला: आमचं गाव शहरात घेतलं. बिल शहराचं, पाणी टँकरचं, रस्ता अजून ग्रामपंचायतीचा. पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं महापालिकेतून सुटली, वेगळी नगरपरिषद मिळाली त्यांना. आमच्याकडे नुसत्या बैठका. नंतर लिहितो, टँकर आला.

मराठवाडी: संभाजीनगरात 2022 ला पाणीपट्टी 4050 रुपयांवरून 2025 रुपये केली. अर्धी! पण पाणी रोज कुठे येतंय? नळाला पाणी यायचं त्या दिवशी माझी वहिनी ऑफिसला रजा टाकते. पाहुण्यांनाही विचारून बोलावतो, "पाण्याच्या दिवशी या."

चहाबाज: आमच्या शेजारच्या थकबाकीदाराच्या दारात वसुलीवाल्यांनी बँड वाजवला होता. पोरं नाचायला लागली. आजोबांना वाटलं वरात आली, टोपी घालून खाली उतरले.

कपाटवाली: अरे देवा 😂 मग भरली का त्यांनी?

चहाबाज: भरली ना. बँडवाल्यांना चहा मात्र आजोबांनी पाजला.

कुकरची शिट्टी: घाईत लिहितेय. सासरे जाऊन 11 वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावाने. नाव बदलायला तीन खेटे घातले. तिसऱ्या वेळी म्हणाले, त्यांनाच घेऊन या.

पेठकर: 🙏 वारस नोंदीची पोच घेतलीत का?

कुकरची शिट्टी: घेतली हो. तीच हरवली.

हद्दीतला: आलो. आपण उशीर केला तर महिन्याला 2 टक्के शास्ती. त्यांनी पाइपलाइनला उशीर केला तर त्यांना किती टक्के? कोणाला माहिती असेल तर सांगा, गंभीरपणे विचारतोय.

506 वाला: कपाटवाली ताई, ते कपाट गोदरेजचं का? द्यायचं असेल तर सांगा.

कपाटवाली: तुमच्याकडे जागा कुठेय, कुंडीच मावत नाही 😀 आणि आई देत नाही. खालच्या कप्प्यात अजून पाणीपट्टीच्या पावत्या निघाल्यात.

चहाबाज: त्यांच्या मागे काय लिहिलंय?